मदत हवी आहे: एडीएचडी आणि चिंता दोन्ही, मुंबईत सुरुवात कुठून करू?

कल्याण_फास्ट:
वय २०, पदवीचं दुसरं वर्ष, रोज डोंबिवली ते दादर. लक्ष न टिकणं शाळेपासूनचं आहे. गेल्या वर्षापासून सबमिशन जवळ आलं की छातीत धडधडतं, हात गार पडतात, कॉलेजचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडवत नाही. कॉलेजच्या समुपदेशकांचं म्हणणं, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, चंचलपणाचा विकार) असू शकतं, सोबत चिंताही आहे, मानसोपचारतज्ज्ञांना दाखव. खाजगी फी परवडणार नाही. सरकारी रुग्णालयात काय घेऊन जाऊ? औषध आधी कशाचं देतात? तोवर अभ्यासाचं काय? घरी याला आळस म्हणतात.

परळ_पूर्व:
केईएम, नायर, सायन, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. तुला केईएम किंवा सायन सोयीचं. ओपीडी सकाळची असते, केसपेपरच्या रांगेसाठी वेळ हाताशी ठेव, आधार कार्ड घे. तू १८ वर्षांवरची आहेस, एकटी जाऊ शकतेस. तुझी माहिती गुप्त ठेवणं मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता महत्त्वाचं. एडीएचडीसाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही, निदान इतिहासावरून होतं. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासूनची हवीत, आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवीत, म्हणजे फक्त कॉलेजात नव्हे, घरीही. म्हणून पहिली ते सातवीची प्रगतिपुस्तकं शोध. गुणांपेक्षा बाईंचे शेरे कामाचे: 'हुशार आहे पण चंचल', 'वह्या अपूर्ण', 'वस्तू हरवते'. हा पुरावा नसला तर दहा मिनिटांच्या ओपीडीत फक्त धडधड दिसते, चिंतेची गोळी मिळते. धडधड शमते, सबमिशन तसंच राहतं.

एका कागदावर पुढच्या गोष्टी लिहून ने: झोपण्या-उठण्याच्या वेळा, दिवसाचे चहा-कॉफीचे कप, तंबाखू, दारू किंवा गांजा (खरं लिही, औषध त्यावर ठरतं), घरात कुणाला हृदयविकार, थायरॉइड, बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार). थायरॉइड वाढलं तरी धडधड आणि अस्वस्थता येते, हिमोग्लोबिन कमी असलं तरी धडधड होते आणि लक्ष लागत नाही. त्या तपासण्या लिहून दिल्या तर टाळू नकोस.

आणखी एक, आठवडाभर चिंतेची नोंद ठेव: केव्हा आली, त्याआधी काय घडलं. राहिलेल्या कामामुळेच येत असेल तर ती बहुधा एडीएचडीच्या मागून आलेली. सुट्टीतही, काही बाकी नसतानाही येत असेल तर तिचा वेगळा उपचार लागतो. माझ्या मते डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग याच नोंदीचा होईल.

औषधं_आणि_बरंच:
सहसा जो त्रास जास्त, त्याचं औषध आधी. चिंतेसाठी एस्सिटालोप्रामसारखं औषध दिलं तर परिणामाला २ ते ४ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी जास्तच अस्वस्थता येऊ शकते, अनेकजण तिथेच सोडतात. मनाने बंद करू नका.

एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटीन. पहिल्याची साधी गोळी ३-४ तास चालते, भूक आणि झोप कमी करते, नाडी वाढवते, म्हणून चिंता असलेल्यांना कमी डोसपासून हळूहळू वाढवत देतात. गोळीआधी पोटभर नाश्ता करा, कॉफी कमी करा. नाहीतर धडधड कशाची ते कळत नाही. या औषधावर कायद्याचं कडक नियंत्रण आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, गल्लीतल्या मेडिकलमध्ये बहुधा नसतंच. आठवडाभराची शिल्लक असतानाच पुढचं आणा. मैत्रिणीकडची गोळी कधीच घेऊ नका.

अ‍ॅटोमॉक्सेटीनचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे किंवा जास्त लागतात. जेवणानंतर घेतलं तर मळमळ कमी. फ्लुऑक्सेटीन किंवा पॅरोक्सेटीन (चिंता-नैराश्याची औषधं) सुरू असेल तर रक्तातलं अ‍ॅटोमॉक्सेटीनचं प्रमाण बरंच वाढतं, त्यामुळे सगळ्या चिठ्ठ्या दाखवा.

धडधडीसोबत छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर चिंता समजून बसू नका, आधी ईसीजी.

अभ्यासिका_दादर:
तोवरचं मी सांगते. ग्रुप न उघडल्याने क्षणभर बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळी तो उघडणं आणखी जड जातं. रोज एक ठरलेली वेळ, ५ मिनिटं, शेजारी मैत्रीण बसलेली, फक्त तारखा वहीत उतरवायच्या. उत्तरं द्यायची नाहीत. मागे पडलेल्या विषयाच्या सरांना दोनच ओळी: 'सर, असाइनमेंट २ राहिली आहे. शुक्रवारी दिली तर चालेल का?' माफीचा निबंध लिहायला बसलीस की तो पाठवलाच जात नाही.

अभ्यास घरी नको, अभ्यासिकेत जा. शेजारी कुणी गप्प बसून काम करत असलं तरी हात चालू राहतो. १५ मिनिटांचा टायमर, आणि पहिलं काम अगदी बारीक: प्रश्न क्रमांक लिहून समास आखणे. 'युनिट ३ पूर्ण' असं लिहिलं तर सुरुवातच होत नाही.

गजर लेक्चरच्या वेळेचा लावू नकोस, घराबाहेर पडायच्या वेळेचा लाव. ८.१२ ची लोकल असेल तर ७.३० ला 'आवरणं थांबव', ७.४५ ला 'चप्पल घाल'. फोनवरचा गजर आपोआप बंद केला जातो, म्हणून दुसरा घड्याळाचा, दाराजवळ. पास आणि ओळखपत्र बॅगेच्या एकाच कप्प्यात, बॅग रात्रीच भरलेली.

गाडीत धडधड वाढली तर ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. पुढच्या स्टेशनवर उतरून पळू नकोस. आणि रात्री फारच जड झालं, जगणं नको वाटलं, तर टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

कल्याण_फास्ट:
खूप आभार. लहानपणीचं डॉक्टरांना सांगायला आई कामावरून येऊ शकणार नाही. मावशी चालेल का?

परळ_पूर्व:
तुला सात-आठ वर्षांची असताना जवळून पाहिलं असेल तर नक्की चालेल. आईला सकाळी फोन जवळ ठेवायला सांग, डॉक्टरांना तिच्याशी दोन मिनिटं बोलता येईल. 'ती आळशी आहे' असं आई म्हणाली तरी घाबरू नकोस. कधीपासून, कोणत्या कामात, हे डॉक्टर तिला विचारतील.