वाटीखाली एकाच ठिकाणी दुखतं. सोनोग्राफी करू की एमआरआय?

स्मॅशर_सातारा
मंडळी, वय ३९. शाळेत पीटी घेतो, संध्याकाळी व्हॉलीबॉल, रविवारी अजिंक्यतारा. दिवाळीपासून उजवा गुडघा धरलाय. वाटीच्या खालच्या टोकाला बोट दाबलं की नेमकी तिथंच कळ. सूज नाही, गुडघा अडकत नाही, लचकतही नाही. खेळायला उतरलो की सुरुवातीला ठणकतो, अंग गरम झालं की गप्प बसतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना सगळं वसूल करतो. एक्स-रे नॉर्मल. फिजिओकडे जेल लावून मशीनचा अल्ट्रासाउंड घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता एक डॉक्टर एमआरआय म्हणतात, दुसरे म्हणतात सोनोग्राफी पुरे आणि काही दिसलं तर तिथंच बघून पीआरपीचं, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं, इंजेक्शन देऊ. सोनोग्राफी पोटाची असते एवढंच मला ठाऊक. गुडघ्यात तिला दिसतं तरी काय? आणि पीआरपीत पैसे घालावेत का? पगार शिक्षकाचा आहे, हे धरून सांगा.

काळोख्या_खोलीतली
सर, मी रेडिओलॉजिस्ट, कोल्हापूर. तुमचा गुडघा न बघता लिहितेय, तेव्हा हे निदान समजू नका. पण 'बोट दाबलं की तिथंच' हे ऐकलं की माझा कल सोनोग्राफीकडे जातो. त्याच जागी मी प्रोब टेकवते आणि विचारते, "इथंच ना?" एमआरआयच्या बोगद्यात ही सोय नाही.

वाटीपासून नडगीपर्यंत जाते ती कंडरा, म्हणजे पटेलर टेंडन, कातडीच्या अगदी खाली असते. निरोगी असली तर तिचे तंतू खराट्याच्या काड्यांसारखे सरळ, एकाशेजारी एक दिसतात. वाटीच्या टोकाशी ती जाड झाली, मधे काळसर डाग आला आणि डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय, लावल्यावर त्या डागात बारीक रक्तवाहिन्या दिसल्या, तर तुमच्या तक्रारीशी जुळणारं नाव जंपर्स नी, उड्या मारणाऱ्यांच्या कंडरेचं दुखणं.

यात हाताची सफाई लागते. गुडघ्याखाली उशी घालून तो वीस-तीस अंश वाकवायचा, कारण कंडरा ढिली पडली किंवा प्रोब जरा तिरका झाला तर चांगले तंतूही काळे दिसतात. घाईत अशानेच नसलेला 'टेअर', म्हणजे कंडरा फाटल्याचा शेरा, रिपोर्टात उतरतो. डॉपलरला मात्र मी पाय सरळ करायला लावते. ताणलेल्या कंडरेत त्या वाहिन्या दबून जातात. आणि डावा गुडघाही बघायला सांगा. नाही म्हणाले तर हट्ट धरा.

गुडघ्यात झालेलं पाणी, मागची बेकर्स सिस्ट, बाजूचे लिगामेंट सोनोग्राफीत छान दिसतात. एसीएल (सांध्याच्या आतलं लिगामेंट), गादीचा आतला भाग, वाटीमागची कूर्चा, हाडाच्या आतली सूज यांसाठी ती कामाची नाही. पाय मुरगळून 'कट्' आवाज आला असता आणि तासाभरात गुडघा फुगला असता, तर मीच तुम्हाला एमआरआयला पिटाळलं असतं.

फिजिओकडचं मशीन वेगळं. लहरी त्यातूनही जातात, चित्र मात्र येत नाही. चित्र काढणाऱ्या मशीनची आपल्याकडे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी लागते, म्हणून ते कुणी पिशवीत टाकून मैदानावर नेत नाही. गुडघा दाखवायला आलेला पैलवानही माझ्याकडे 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी वाचूनच आत येतो.

नेटजवळचा
मला पीआरपीने फरक पडला बुवा. आपलंच रक्त, फिरवून परत आपल्यालाच. दोन महिने खेळ बंद ठेवला, सांगितलेले व्यायाम केले, आता मस्त उड्या मारतोय. मास्तर, घ्या डोळे झाकून.

फिजिओ_ताई
दादा, दोन महिने उड्या बंद आणि वर व्यायाम. मग गुण कुणाचा, सुईचा की व्यायामाचा? याच कंडरेवर २०१९ मध्ये पीआरपी आणि साधं सलाईन यांची तुलना झाली. व्यायाम सगळ्यांनाच दिला होता, आणि पीआरपी काही सरस ठरलं नाही. फरक पडतच नाही असं मी म्हणत नाही, पण पहिला खर्च तो नसावा. कंडरेत स्टिरॉइड तर नकोच. चार दिवस बरं वाटतं आणि कंडरा कमजोर होते.

सर, फक्त शेक आणि मशीनवर थांबू नका. या कंडरेला भार द्यावा लागतो. आधी जिममधल्या लेग एक्स्टेन्शनवर पाय अर्धवट वाकवून ४५ सेकंद धरून ठेवणं, असं ५ वेळा. ते जमू लागलं की वजन घेऊन सावकाश स्क्वॉट, ३ सेकंद खाली, ३ सेकंद वर. मग २५ अंशांच्या उतरत्या फळीवर एका पायाने. निदान १२ आठवडे धरून चाला. करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळी जिन्यावर वाढलेलं नको. खेळ पूर्ण बंद करू नका, स्मॅश कमी करा. आणि पोरांना बेडूकउड्या स्वतः मारून दाखवायची हौस तूर्तास आवरा.

स्मॅशर_सातारा
सोनोग्राफी झाली. उजवी कंडरा वाटीशी ७ मिलिमीटर, डावी ४. उजवीकडे काळा डाग, रक्तवाहिन्या आहेत, टेअर नाही. गंमत म्हणजे डावीकडेही छोटा डाग सापडला, आणि तो पाय आजवर कधी हूं की चूं बोललेला नाही! आता त्याचं काय?

काळोख्या_खोलीतली
काही नाही. उड्या मारणाऱ्यांत न दुखणारे असे डाग नेहमी दिसतात, म्हणून हट्ट धरा म्हटलं होतं. नुसत्या चित्रावर इंजेक्शन द्यायचं तर उद्या डाव्यालाही सुई. तीन महिन्यांनी 'डाग गेला का' बघायला पुन्हा सोनोग्राफी करू नका, दुखणं थांबलं तरी चित्र पुष्कळदा तसंच राहतं.

स्मॅशर_सातारा
मग पीआरपी राहू दे. फळी गल्लीतल्या सुताराकडून करून घेतोय. केवढी ठेवू?

फिजिओ_ताई
दोन्ही पाय आरामात मावतील एवढी, वर खरखरीत रबर ठोकून घ्या. पॉलिश नको, घसराल.