4000 च्या आत ओव्हन आणि संत्र्याचं गॅलेट: सल्ला पाहिजे

संत्राबाग_वरुड
नमस्कार मंडळी. वरुडपासून 11 किमीवर शेतातच राहतो आम्ही, संत्र्याची बाग आहे. मुलगी नागपूरला शिकते, तिथे तिने मैत्रिणींसोबत गॅलेट खाल्लं आणि तेव्हापासून रोज फोनवर तेच. मैद्याची मोठी पोळी लाटायची, मधे फळं मांडायची, कडा हातानेच आत दुमडायच्या आणि भाजायचं, साचा काही लागत नाही म्हणे. होळीला ती घरी येऊन राहिली तर तेव्हा करायचं मनात आहे. प्रश्न दोनच. 4000 च्या आत कोणता ओव्हन घेऊ? वर एक रुपया नाही, मृग बहाराच्या संत्र्याचे पैसे अजून हातात यायचे आहेत. आणि फळ म्हणून आपलं संत्रंच चालते का? बारकी संत्री व्यापारी उचलत नाही, पोतंभर घरात पडली आहेत. आमच्याकडे संध्याकाळी लाइट फार डिम असते, पंखा पण हळू फिरते, हे लक्षात घेऊन सांगा.

अमरावतीची_ओव्हनवाली
ताई डोळे मिटून कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घ्या, 28 लिटर. मी 2 वर्षांआधी 12500 ला घेतला, केक बिस्किट पिझ्झा सगळं होते, शिवाय भाजी गरम होते. एकदाच पैसे जातात पण मग पाहायचं काम नाही.

काटोलचा_भाऊ
मायक्रोवेव्ह नका घेऊ. ओटीजी घ्या ओटीजी, म्हंजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. खालचा वरचा दोन्ही रॉड असते त्याच्यात, बूड चांगलं भाजल्या जाते. माह्याकडे 40 लिटरचा हाये, अख्खी कोंबडी मावते.

अमरावतीची_ओव्हनवाली
कन्व्हेक्शनमधे पंखा असते भाऊ, उष्णता सगळीकडे सारखी फिरते. ओटीजीत मागचा भाग काळा आणि पुढचा पांढरा राहतो, माझ्या नणंदेकडे पाहिलं आहे मी.

काटोलचा_भाऊ
मग ट्रे अर्ध्या वेळात फिरवून द्यायचा ना वहिनी. त्याच्यात का मोठी गोष्ट हाये.

संत्राबाग_वरुड
दोघांचे आभार, पण माझं बजेट 4000 आहे.

दर्यापूरचा_वायरमन
ताई ओव्हन कोणता ते नंतर, आधी तुमचा व्होल्टेज पाहा. कोण्या वायरमनले मीटरनं मोजून मागा. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते, हे लोकायच्या लक्षातच येत नाई. 1200 वॅटचा ओटीजी 230 व्होल्टवर 1200 वॅट देईन, पण 170 वर तोच जेमतेम 650 वॅट देते. म्हंजे निम्म्यावर आला. तुम्ही काटा 200 डिग्रीवर लावान पण ओव्हन 200 ले पोचणारच नाई, मैदा भाजायच्या आधी बटर वितळून वाहून जाईन. मायक्रोवेव्हचं तर अजूनच वाईट, कमी दाबावर तो नीट चालतच नाई. स्टॅबिलायझर लावतो म्हणसान तर ओव्हनचा लोड घेणारा मोठा लागते, तो तुमच्या बजेटमधे बसत नाई. इन्व्हर्टरवर लावायचा विचार तर करूच नोका. आणि कोणताही घेतला तरी 16 अँपिअरचा जाड पिनचा सॉकेट पाह्यजे, मिक्सरच्या सॉकेटात लावला तर तो वितळते. मी स्वतः अशे तीन बदलले या वर्षी.

काटोलचा_भाऊ
सकाळी 5 वाजता लावायचा, तेव्हा लाइट फुल असते.

पुसदची_काकू
अगं बाई संत्रं नको घालूस. मी मागच्या वर्षी केलं होतं, फोडी सोलून तशाच मांडल्या. एक तर इतका रस सुटला की ट्रेमधे डबकं झालं आणि खालची पोळी कच्च्या कणकेसारखी ओली राहिली. वरून कडू! पाहुणे बसले होते, मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून सफरचंदच घालते.

अकोलेकर
नागपुरी संत्र्याचा रस तापवला का कडू होतेच. बियांमधे आणि पाकळीच्या पडद्यात एक द्रव्य असते लिमोनिन नावाचं, रस काढून ठेवला किंवा तापवला का हळूहळू कडूपणा वर येते. संत्र्याच्या रसाच्या कारखान्याले पण हीच अडचण असते. त्याच्याऐवजी पपई घ्या, नाहीतर जाम.

पुण्यात_राहणारी_वऱ्हाडी
जाम म्हणजे पेरू, इकडच्या लोकांसाठी सांगते, नाहीतर कोणी बाटलीतला जॅम ओतेल.

मेळघाटातून
स्ट्रॉबेरी घाला. चिखलदऱ्याची स्ट्रॉबेरी याच दिवसांत मिळते, तुम्हाले परतवाड्यावरून वर यावं लागीन. आमच्या शेजारीच लावली हाये, थंडीत रंग असा लाल येते का बाहेरून आणलेली तिच्यापुढं फिकी.

संत्राबाग_वरुड
दादा घरात पोतंभर संत्री असताना स्ट्रॉबेरीसाठी घाट चढून कुठे येऊ.

भंडाऱ्याची_बेकर
मी घरून केक विकते, 6 वर्षं झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ओव्हनपेक्षा पीठ जास्त महत्त्वाचं आहे. 200 ग्रॅम मैदा, 110 ते 120 ग्रॅम फ्रिजमधलं कडक बटर, एक चमचा साखर, आणि बर्फाचं पाणी 4-5 चमचे, एवढंच. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. बटरचे हरभऱ्याएवढे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकाने चोळायचे, पूर्ण मुरवायचे नाही, तुकडे दिसले पाहिजेत. भाजताना त्या तुकड्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर उचलते, म्हणून बटर वितळलं की सगळं संपलं. कणकेसारखं मळायचं तर अजिबात नाही, मळलं की चिवट होते. गोळा नुसता जमवायचा आणि अर्धा तास फ्रिजमधे. आपल्याकडे मार्चमधे दुपारी स्वयंपाकघरात बटर 5 मिनिटं टिकत नाही, त्यामुळे हे काम सकाळी 6 ला करा, परात पण आधी फ्रिजमधे ठेवा. लाटून झाल्यावर, फळं भरल्यावर परत 15 मिनिटं थंड करायचं. भाजायला 190 ते 200 डिग्री, 40-45 मिनिटं. कडा गडद बदामी झाल्याशिवाय काढू नका, सगळ्यांची चूक तिथेच होते, फिक्या रंगावर काढतात आणि मग म्हणतात बूड कच्चं. संत्र्याबद्दल मी पण नाहीच म्हणेन. घालायचंच असेल तर पपईच्या फोडींवर चार पाकळ्या शोभेला.

पुसदची_काकू
बेकिंग पावडर घाला पाव चमचा, फुलते छान.

भंडाऱ्याची_बेकर
काकू याच्यात बेकिंग पावडर लागत नाही, पदर वाफेने सुटतात.

पुसदची_काकू
मी घालते. छान होते.

यवतमाळची_सूनबाई
एक विचारू का, हे म्हणजे आपली साट्याची करंजीच ना, फक्त उघडी. मग बटर कशाला, घरच्या तुपात कॉर्नफ्लॉवर फेसून साटा लावून पदर करा, चिरोट्यासारखे. आमच्या सासूबाई करतात तसे पदर कोणत्याच बेकरीत नसतात.

भंडाऱ्याची_बेकर
चिरोटे तळतात हो वहिनी. तुपात पाणी नसते त्यामुळे वाफ होत नाही, भाजल्यावर शंकरपाळ्यासारखं खुसखुशीत होईल, पदर तेवढे उमलणार नाहीत. खायला वाईट नाही लागणार पण ते वेगळं. घरचं लोणी मात्र चालते, थंड पाण्यात धुऊन ताक पूर्ण पिळून काढायचं आणि फ्रिजमधे कडक करायचं.

यवतमाळची_सूनबाई
साटा लावून भाजलेलं पण मी खाल्लं आहे. होतात पदर.

नेर_परसोपंत
मी ऑनलाइन ओव्हन मागवला होता, आमच्या पिनकोडवर डिलिव्हरी नाई म्हणून तालुक्याले उतरवला, घरी आणून उघडला तर काच फुटलेली. परत घ्यायले दीड महिना लावला. दुकानातूनच घ्या, चालू करून पाहून घ्या.

हिंगणघाट_कढईवाले
ओव्हनची गरजच नाई ना बाप्पा. जाड कढईत मीठ पसरवा, वर जाळी, त्यावर ताट, झाकण घट्ट. 15 मिनिटं आधी तापवून घ्या. मी केक असाच करतो. फक्त गॅलेट वरून पांढरं राहीन, कारण वरून आच नाई. त्याच्यासाठी झाकणावर निखारे ठेवायचे. आपण रोडगे कशे गोवऱ्याच्या आरात भाजतो, खालून वरून आच, तेच तत्त्व. मी रोडग्याच्या आरात एकदा करून पाहलं होतं, पण राख लागली अन् बटर गळून पेटलं. म्हणून कढईच्या झाकणावर निखारे, हेच बरं.

अकोलेकर
रोडगे आणि पानगे एकच का वेगळे?

हिंगणघाट_कढईवाले
आमच्याकडे रोडगेच म्हणतात. पळसाच्या पानात बांधून भाजले का पानगे, अशे आमचे आजोबा सांगायचे.

पुण्यात_राहणारी_वऱ्हाडी
हे वाचून आठवलं, दिवाळीआधी आई मैदा, रवा, साखर, तूप डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायची नानकटाई करायला. आम्ही ओळीने बसून राहायचो, आपला ट्रे ओळखायला वर खसखस लावायची. लाकडाची भट्टी होती. आता आहेत का कुठे अशा?

यवतमाळची_सूनबाई
आहेत ना, आमच्याकडे अजून दिवाळीत रांग लागते. नानकटाई मात्र तुपाचीच, डालड्याची नको.

काटोलचा_भाऊ
डालड्याची जास्त खुसखुशीत होते.

यवतमाळची_सूनबाई
टाळूला चिकटते ती.

गोंदियाकर
सगळं वाचलं नाही, पण ओटीजी घ्या, 30 लिटरच्या खालचा घेऊ नका, नंतर पस्तावा होतो.

संत्राबाग_वरुड
होळी होऊन गेली, म्हणून कळवते. ओव्हन घेतला नाही. वायरमन भाऊंनी सांगितलं तसा व्होल्टेज मोजला, संध्याकाळी 7 ला 168 भरला. सकाळी ठीक होता, पण आमच्याकडे सकाळची लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि अर्धवट भाजलेलं माझ्याच्याने फेकवलं नसतं.

नानकटाईचं वाचून तालुक्याला पाव-टोस्टच्या भट्टीवर जाऊन विचारलं. तिथले दादा म्हणाले, दुपारी टोस्ट निघाल्यावर आणा, तेव्हा भट्टी उतरती असते. पीठ पहाटे घरी केलं, भंडाऱ्याच्या ताईंच्या मापाने, घरच्या म्हशीच्या लोण्यात. गोळे डब्यात, डबा बर्फाच्या पाण्यात ठेवून गाडीवर नेले आणि लाटणं, भरणं तिथेच केलं.

फळ संत्रंच घातलं. सगळ्यांनी नाही म्हटलं हे मला माहीत आहे, पण 14 वर्षं बाग जोपासली, मुलीला सफरचंदाचं खाऊ घालायचं मन होईना. रात्री मी आणि सासूबाईंनी बसून एकेका पाकळीचा पडदा सोलला, बिया काढल्या, आणि गर कापडावर निथळत ठेवला. सकाळी खाली वाटीभर रस होता, तो पिऊन टाकला. पोळीवर आधी भाजलेल्या बारीक रव्याचा थर दिला, रस तो पितो. साखर आधी मिसळली नाही कारण साखरेने पाणी सुटते, कॉर्नफ्लॉवरसोबत भट्टीत जाताना वरून भुरभुरली. सालीचा फक्त वरचा केशरी भाग किसून मैद्यात टाकला, पांढरा भाग येऊ दिला नाही.

दादांनी आधी भट्टीत चिमूटभर पीठ टाकून पाहिलं, ते काळं पडलं म्हणून 10 मिनिटं थांबवलं. मग 35 मिनिटांत निघालं. बूड कडक, टकटक वाजत होतं, कडा लालसर. दोन केले, एक शिवणीत फाटलं आणि तिथून रस वाहून ट्रेला चिकटला, पण चव दोन्हींची आंबटगोड. एके ठिकाणी बी राहून गेली होती तेवढा घास कडू लागला, म्हणजे अकोलेकर दादा म्हणतात ते खरं आहे. मुलीने अर्धं एकटीने संपवलं आणि उरलेलं होस्टेलला नेलं. भट्टीचे 60 रुपये झाले.

गोंदियाकर
छान. पण दर वेळी तालुक्याला जाणार का? 30 लिटरचा ओटीजी बघाच.

पुसदची_काकू
पडदा सोलायचं मला सुचलं नव्हतं गं. रवा बारीक घ्यायचा की जाड?

संत्राबाग_वरुड
बारीक, काकू. कोरडाच भाजायचा, तूप नाही. आणि भट्टीवाले दादा विचारत होते जामाचं पण होते का, त्यांच्या घरी झाड आहे. कोणी केलं असेल तर सांगा, बिया काढायच्या का ठेवायच्या?