वायरलेस माउस ही ‘हौस’ आहे म्हणे!

ताळेबंद

या फोरमवर नवा कॉम्प्युटर घेण्याच्या चर्चेच्या धाग्यावर परवा एकाने ठणकावून सांगितलं, की वायरलेस माउस ही निव्वळ हौस, दिवसभर काम करणाऱ्याने वायरचाच घ्यावा. खाली ‘सहमत, सहमत’ची रांग लागली. तिथे लिहिलं असतं तर मूळ विषय बाजूला पडला असता, म्हणून हा वेगळा धागा.

आमच्या हिशेबाच्या ऑफिसात सगळ्या टेबलांवर वायरलेस आहेत आणि मार्च एंडलासुद्धा त्यांनी काम अडवलेलं नाही. ‘कर्सर अडखळतो’ म्हणणाऱ्यांची कॅबिनेटं मी टेबलाखाली वाकून बघितली आहेत. चित्र ठरलेलं असतं: डोंगल (माउसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा) मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टला, मध्ये कॅबिनेटचा पत्रा आणि डोंगलला चिकटून एक्स्टर्नल हार्ड डिस्क. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात सांडतो, आणि डोंगलचं काम त्याच पट्ट्यात चालतं. इंटेलने हे २०१२ सालीच लिहून ठेवलंय. खात्री करायची असेल तर हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपीला लावून माउस फिरवा. कॉपी चालू असताना कर्सर उड्या मारत असेल आणि संपल्यावर सुतासारखा सरळ येत असेल, तर दोष माउसचा नाही. डोंगल पुढच्या काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या पोर्टला लावा, नाहीतर यूएसबीची एक्स्टेन्शन वायर घेऊन तो टेबलावर आणा. एवढं न करता लोकांना ‘घेऊ नका’ सांगत सुटणं चुकीचं आहे.

नोडजोड

ठाम असहमत. साहेब, टॅलीत हिशेब लिहायला माउस लागतोच किती?

माझं कोल्हापुरात डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईत गिऱ्हाईक शेजारी स्टुलावर बसून ‘गणपती जरा वर घ्या, मामांचं नाव मोठं करा’ सांगत असतं. त्याचं ऐकेपर्यंत हातातला माउस झोपी जातो. हलवला की पहिली हालचाल गिळतो, मग एकदम जागा होतो आणि कोरलमध्ये (पत्रिका बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पकडलेला नोड, म्हणजे रेषेवरचा बिंदू, भलतीकडे. दिवसभरात असं कितीदा होतं ते माझ्या खुर्चीत बसून बघा. वायरच्या माउसला झोप नाही, सेल नाही, डोंगल नाही. आणि वायर नको म्हणून वायरलेस घ्यायचा, मग तो चालावा म्हणून एक्स्टेन्शन वायर लावायची, हा सल्ला तुम्हाला स्वतःला पटतो का?

ताळेबंद

पटतो. एक्स्टेन्शनची वायर एका जागी पडून असते, हाताबरोबर फरफटत नाही. वायरचा माउस मरतो तो बहुतेकदा तोंडाशी, जिथे वायर आत शिरते तिथे. वरून प्लॅस्टिक शाबूत, आत तार तुटलेली. मग लोक वायर एका कोनात धरून काम करतात. टॅलीचं म्हणाल तर आम्ही एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टलही चालवतो. दुसऱ्याचं काम हलकं समजू नका.

फळाखडू

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आहे. वायरचा माउस होता तेव्हा मी लॅपटॉपपाशी खिळलेली आणि मागच्या बाकांवर बाजारपेठ. आता माउस हातात घेऊन मागे जाते, जो कधी बोलत नाही त्याच्या बाकावर ठेवते आणि म्हणते, नकाशात आपला तालुका तू दाखव. हे वायरने होत नाही. हौस म्हणणाऱ्याने एकदा दुसरीच्या वर्गात उभं राहून बघावं.

तक्रार आहे ती डोंगलची. नखाएवढी वस्तू, केर काढताना गेली. दुकानदार म्हणाला, या स्वस्तातल्या माउसला नुसता डोंगल मिळत नाही, नवा माउसच घ्या. चांगला चालणारा माउस टाकून द्यायचा?

सोल्डरगन

ताई, स्वस्त माउसांची जोडी कारखान्यातच जुळवलेली असते, दुसऱ्या डोंगलशी जुळत नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंगसारखे रिसीव्हर, म्हणजे डोंगलच, परत जोडता येतात, एकावर सहा वस्तू चालतात. नाहीतर ब्लूटूथचा घ्या, लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ असेल तर डोंगलची भानगडच नाही.

आता मूळ वादावर. माझ्या दुकानात रिपेअरिंगला येणाऱ्या माउसांचा खरा रोग डबल क्लिक आहे. एकदा दाबलं की दोनदा लागतं, फोल्डर ओढायला जावं तर उघडतं. बटणाखालच्या मायक्रोस्विचची तांब्याची पट्टी झिजते, संपर्कावर काजळी धरते. हा स्विच दोन्हीकडे सारखाच, पण सेल वाचवायला वायरलेसमध्ये त्यातून करंट कमी सोडतात, म्हणून काजळी जळून जात नाही. वायरच्यात हा त्रास उशिरा येतो.

नोडजोड

घ्या! रिपेअरिंगवालेच सांगतायत.

ताळेबंद

त्यांनी ‘सारखाच स्विच’ही म्हटलंय, तेवढं सोडून वाचलंत. आणि ज्याचा माउस नीट चालतो तो दुकानात येत नाही, त्यामुळे रिपेअरवाल्याला जगातले सगळे माउस आजारी दिसणार.

सोल्डरगन

स्विच बदलताना आत काय दिसतं ते मी लिहिलं. तुम्ही एकदा तरी माउस उघडलाय का? खालच्या पॅडमागचे स्क्रू कुठे असतात ते तरी माहीत आहे? उगाच दुकानदाराचा अपमान करू नका.

गुहागरी

तुमचं भांडण चालू द्या. आमच्याकडे कोकणात माउस स्विचने मरत नाही, सेलने मरतो. पावसाळ्यात ऑफिस बंद होतं, गणपतीनंतर उघडून बघितलं तर झाकणाखाली पांढरे खडे, स्प्रिंग हिरवी, सेल आत घट्ट बसलेला. स्क्रूड्रायव्हरने काढताना स्प्रिंगच तुटून आली. शिवाय वरचं मऊ रबर चिकट झालेलं, हाताला गुळाचा हात लागल्यासारखं. नामांकित कंपनीचा माउस होता. वॉरंटीत विचारलं तर ‘सेल पाझरल्यास जबाबदारी नाही’. मग माउसबरोबर सेल देता कशाला?

डावरा

अवांतर, पण विचारतोच: डावखुऱ्यांसाठी अंगठ्याचा खोलगट भाग असलेले माउस दुकानात का मिळत नाहीत? सगळे उजव्या हाताचे साचे. वायर असो नसो, आमचं मनगट दुखतंच.

सोल्डरगन

गुहागरी, भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल माउसमध्ये घातले असणार. त्या झिंक-कार्बन सेलचं जस्ताचं कवचच वापरताना झिजत जातं, मग भोक पडून पाझरतो. अल्कलाइन घाला.

गुहागरी

अल्कलाइनच होते! अंदाजाने बोलू नका. घड्याळाचे साधे सेल घड्याळातच आहेत आणि ते अजून कोरडे आहेत.

ताळेबंद

अल्कलाइनही पाझरतो. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, सेल उतरून पडून राहिला की आत वायू साठतो आणि सील सुटतं. म्हणून आमच्याकडे रिचार्जेबल निकेलचेच. सेल टाकायचे नाहीत, पाझरण्याचा त्रास फारच कमी.

नोडजोड

रिचार्जेबल १.२ व्होल्टचा, माउसला हवा १.५. पहिल्या दिवसापासून बॅटरी लो दाखवतो.

ताळेबंद

दाखवतो, पण चालतो. अल्कलाइनही वापरताना १.५ वर थांबत नाही, उतरतच जातो. निकेलचा १.२ च्या आसपास टिकून राहतो. दिव्याकडे बघू नका, काम बघा.

नोडजोड

म्हणजे डोंगलची जागा बदला, एक्स्टेन्शन घ्या, सेल चार्जिंगला लावा, दिव्याकडे बघू नका. एका माउसची एवढी सरबराई! वायरचा लावला की विसरलं. माझा हाच मुद्दा पहिल्यापासून आहे.

फळाखडू

तो मुद्दा एका जागी बसणाऱ्याचा आहे. माझं काम वर्गात फिरून होतं. सगळ्यांना एकच नियम लावू नका.

ताळेबंद

बिल्ट-इन बॅटरीचाही घेऊ नये असं माझं मत आहे. ती दमली की बदलणं कठीण. आणि ॲपलने २०१५ साली मॅजिक माउसला चार्जिंगचं भोक पोटाखाली दिलं, चार्ज होताना माउस उताणा. २०२४ साली पोर्ट बदलून यूएसबी-सी केला, तरी जागा तीच ठेवली. सेलवालाच बरा.

नोडजोड

बरं, एक सांगतो. तुमच्या सांगण्यावरून डोंगल पुढे लावून हार्ड डिस्कवर कॉपी टाकली. उड्या थांबल्या, हे मान्य. झोप काही थांबलेली नाही. कोरलचं काम मी वायरवरच करणार आणि गिऱ्हाइकालाही तेच सांगणार.

ताळेबंद

गिऱ्हाइकाला सांगताना एवढं सांगा, की तुमचं काम नोड ओढायचं आहे. आमच्यासारख्यांना हौशी म्हणू नका, माझी हरकत तेवढीच आहे.

गुहागरी

पांढरे खडे कसे काढायचे ते कुणी सांगेल का? दुसऱ्या माउसची स्प्रिंग अजून शाबूत आहे.

सोल्डरगन

सेल अल्कलाइन असेल तर खडे काढायला काहीतरी आंबट वापरावं लागतं. कापसाच्या काडीवर व्हिनेगर, ते नसेल तर लिंबाचा रस. जरा फसफसेल. मग ओल्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्प्रिंगचं टोक बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा. खडे नुसत्या हाताने काढू नका, कातडी भाजते. चिकट रबरावर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण थर पूर्ण निघून खालचं प्लॅस्टिक दिसेपर्यंत पुसावं लागेल.