तरतूद : अंदाजपत्रकातली आणि ताळेबंदातली

प्रश्न : विद्यापीठाच्या लेखाशाखेसाठी उपार्जन पद्धतीची (पैसे कधी दिले-घेतले ते नव्हे, खर्च-उत्पन्न कधी झालं ते धरणारी; 'अ‍ॅक्रुअल') टिपणं मराठीत करतो आहे. 'प्रोव्हिजन'ला 'तरतूद' लिहिलं की अंदाजपत्रकाच्या कामात मुरलेली मंडळी 'तरतूद शिल्लक आहे' याच अर्थाने वाचतात. दुसरा शब्द घ्यावा का?

उत्तर : शब्द बदलू नका, दोन्हीकडे तो रुळलेला आहे. मूळ अरबी 'तरद्दुद'. मराठीत पुढच्या कामाची आधी केलेली सोय हा अर्थ स्थिरावला. अंदाजपत्रकात तो चपखल बसतो, कारण तिथे तरतूद म्हणजे खर्चाची परवानगी. ताळेबंदात मात्र घटना घडून गेलेली असते, देणं अंगावर आलेलं असतं, फक्त रक्कम किंवा तारीख पक्की नसते. म्हणून विशेषण जोडूनच लिहा : 'अंदाजपत्रकीय तरतूद' आणि 'देण्याची तरतूद'.

व्याख्येपेक्षा उदाहरण लवकर पटतं. प्रयोगशाळेच्या उपकरणांसाठी 10 लाखांची अंदाजपत्रकीय तरतूद आहे. 6 लाखांची उपकरणं आली, पैसेही दिले. दीड लाखाची 28 मार्चला आली, बिल एप्रिलमध्ये. 2 लाखांची ऑर्डर गेली, माल आलेला नाही. 50 हजार पडून आहेत. ताळेबंदात मालमत्ता साडेसात लाख, पुरवठादाराचं देणं दीड लाख. 2 लाख ही भांडवली बांधिलकी (मालमत्तेची ऑर्डर दिली, पण माल यायचा आहे), ती फक्त लेख्यांना जोडलेल्या टिपेत. 50 हजारांची कुठेच नोंद नाही. पूर्वीच्या सवयीने उरलेले अडीच लाख 'तरतूद' म्हणून देण्यांत टाकले जातात, आणि लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तिथेच येतो.

दुसरं उत्तर : उलटी चूक जास्त घातक आहे. मार्चचं वीजबिल एप्रिलमध्ये येतं. अंदाजपत्रकात त्या शीर्षाखालची रक्कम संपलेली असली की शेरा पडतो, 'तरतूद नाही, सबब नोंद नाही'. पण वीज मार्चमध्ये जळली, खर्च मार्चचाच. परवानगी नसल्याने देणं नाहीसं होत नाही. टिपणात हे ठळक छापा.

लेखामानक 29 (तरतुदींविषयीचं अकाउंटिंग स्टँडर्ड, AS 29) च्या तीन कसोट्याही द्या : मागच्या घटनेतून आलेलं आजचं बंधन, पैसे जाण्याची दाट शक्यता, रकमेचा भरवशाचा अंदाज. तिन्ही जुळल्या तरच तरतूद. कोर्टात दावा चालू आहे पण हरण्याची शक्यता कमी, तर ते संभाव्य दायित्व. त्याची जागा टिपेत. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि रजा रोखीकरण यांना कर्मचारी लाभांचं लेखामानक 15 लागतं. तिथे विमागणितीय मूल्यांकन (पुढे द्याव्या लागणाऱ्या रकमेचा 'अ‍ॅक्चुअरी'कडून आजचा हिशोब) करून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याची जन्मतारीख, रुजू तारीख, मूळ वेतन व शिल्लक रजा हवी. सेवापुस्तकं अद्ययावत नसतात, काम अडतं ते इथे. आस्थापना शाखेला जानेवारीतच कामाला लावा.

प्रश्नकर्ता : 'अनामत'चंही असंच होतं का?

उत्तर : होतं. विद्यार्थ्याकडून घेतलेली अनामत हे देणं, वीज कंपनीकडे भरलेली अनामत हे येणं. टॅलीत दोन्ही एकाच गटात दिसली तर आधी गट वेगळे करा.

तिसरं उत्तर : केंद्रीय उच्च शिक्षण संस्था असेल तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा (तेव्हाचं मनुष्यबळ विकास) वार्षिक लेख्यांचा 2015 चा नमुना शेजारी ठेवा, तो 2014-15 च्या लेख्यांपासून लागू झाला. त्यात अखर्चित अनुदान हे उत्पन्न नव्हे, देणं आहे. भांडवली खर्चात वापरलेलं अनुदान भांडवल निधीत जातं. घसारा सरळ रेषेने, वर्षात घेतलेल्या वस्तूवरही पूर्ण वर्षाचा : प्रयोगशाळा उपकरणं 8 टक्के, संगणक 20, ग्रंथ 10. वरच्या उदाहरणातल्या साडेसात लाखांवर 60 हजार. 2 हजार किंवा कमी किमतीच्या वस्तूंवर, ग्रंथ सोडून, त्याच वर्षी 100 टक्के. आणि एक : या नमुन्यात 'घसाऱ्याची तरतूद' असा शब्दप्रयोग भेटेल. ते देणं नाही, मालमत्तेतून वजा होणारी रक्कम आहे, तेव्हा मराठीत नुसतं 'घसारा' लिहा.