पाणीपुरी केवढ्याला?

बी-502: काल गच्चीवर ‘स्लमडॉग मिलियनेअर’ बघायला आलेल्या सगळ्यांचे आभार! सतरंज्या मीटररूमपाशी ठेवल्यात, ज्यांच्या त्यांनी न्याव्यात.

ए-203: फार छान बेत केलात पोरांनो. 2009च्या जानेवारीत थेटरात पाहिला होता, तेव्हा त्या पळापळीनेच दमलो होतो. काल नीट पोचला. विकास स्वरूप यांची मूळ कादंबरी मी आधीच वाचली होती, ‘क्यू अँड ए’, 2005ची. लेखक परराष्ट्र सेवेतले अधिकारी. त्यात टीव्हीवरचा प्रश्नांचा खेळ जिंकणाऱ्या गरीब मुलाचं नाव सिनेमातल्यासारखं जमाल नाही, राम महंमद थॉमस! बक्षीसही दोन कोटींचं नाही, शंभर कोटींचं. आणि सलीम सिनेमातल्यासारखा भाऊ नव्हे, जिवाभावाचा दोस्त. तो गुंड होत नाही.

बी-502: काका, मग राहिलं काय मूळचं?

ए-203: मुख्य ते राहिलं. प्रश्न खेळातला, पण उत्तर पोराच्या अंगावरून गेलेलं. ते पटकथेत धरून ठेवलं म्हणून तर सिनेमा उभा आहे.

ए-101: मलाही आवडला, लहान मुलांनी तर जीव लावला. पण नाव मला तेव्हाही खटकलं होतं नि आजही खटकतं. वस्तीतल्या पोराला कुत्रा कसं म्हणायचं? लोकांनी निदर्शनं केली होती ती उगाच नाही. आणि बाहेरच्यांना नेमकी आपली घाणच दिसते.

बी-305: काकू, नावाबद्दल एकदम मान्य. पण सिनेमाला मिळालेल्या आठ ऑस्करमध्ये रहमान, गुलजार आणि रसूल पुकुट्टी आहेत. पुकुट्टींचं ध्वनिमिश्रणाचं. सुरुवातीला पोरं धावपट्टीवर क्रिकेट खेळतात, मग पोलीस मागे लागतात आणि सगळे गल्ल्यांत घुसतात, तिथे मी काल मुद्दाम स्पीकर वाढवला होता. पत्र्यांवरून पळणारे पाय वेगळे ऐकू येतात. छोट्या डिजिटल कॅमेऱ्यामुळे त्या बोळांत शिरता आलं.

ए-203: एक दुरुस्ती मात्र करून ठेवा. ‘दर्शन दो घनश्याम’ कोणी लिहिलं, याला सिनेमात उत्तर सूरदास दिलंय. ते गाणं गोपालसिंग नेपाली यांचं, 1957च्या ‘नरसी भगत’मधलं. जे गाणं गाऊन भीक मागावी म्हणून सिनेमात पोरांचे डोळे घालवतात, त्याचं उत्तर तरी तपासायला हवं होतं. मला फार लागलं ते.

सी-704: नमस्कार. मी ग्रुपवर फारशी बोलत नाही, आज लिहिते. माझं लहानपण धारावीत गेलं, काळ्या किल्ल्याजवळ. लग्न होईपर्यंत तिथेच होते. काल पुढे खुर्चीवर बसली होती ती माझी आई.

संडासाच्या प्रसंगाला सगळे हसले, कोणी नाक धरलं. आई गप्प होती. आमच्याकडेही तशाच फळ्या होत्या, खाली खड्डा, बाहेर टमरेल घेऊन रांग. एक फळी हलायची, म्हणून मी आत असेपर्यंत आई दारातून हात घालून माझं मनगट धरून उभी राहायची. रांगेतल्या बायका ओरडायच्या, ती सोडायची नाही.

पण मला बोलायचंय ते चौकीतल्या प्रसंगाबद्दल, जिथे पोलीस जमालला खेळातल्या उत्तरांबद्दल विचारतात. राजमुद्रेखाली काय लिहिलंय ते जमालला येत नाही. इन्स्पेक्टर म्हणतो, माझी पाच वर्षांची पोरगी सांगेल. तेव्हा जमाल विचारतो, चौपाटीवर पाणीपुरी केवढ्याला? हवालदार म्हणतो दहा. नाही, दिवाळीपासून पंधरा! मग जमाल विचारतो, वर्मा हवालदाराची सायकल कोणी चोरली? ते तर जुहूतल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक.

तिथे आईने माझा हात दाबला. ती शाळेत गेलेली नाही. पण आमच्या नळाला पाण्याची वेळ नव्हती, आणि तिला ती कळायची. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सुटते, खर्रखर्र, घशात काही अडकल्यासारखी. ती झोपेत ऐकून उठायची. बाकीच्यांच्या कड्या वाजेपर्यंत आमचा हंडा नळाखाली असायचा. शाळेत बाईंनी विचारलं, आई काय करते? मी सांगितलं, काही नाही. ती दिवसभर पिशव्यांना बंद शिवत होती, डझनाच्या भावाने. माझी वह्या-पुस्तकं त्यातूनच आली.

काकू, घाण होतीच, ती दाखवली याचा मला राग नाही. माझी तक्रार आहे ती काम न दाखवल्याची. कुंभारवाड्यातल्या भट्ट्यांचा धूर, चामड्याचा वास, उपड्या टोपल्यांवर वाळणारे पापड, शिवणयंत्रांचा आवाज, यांच्याशिवाय आमची धारावी नाही. जमालच्या वस्तीत भीक आहे, मारामारी आहे, मजुरी जवळपास नाहीच. तरी मी हा सिनेमा पुन्हा बघणार. भुयारी मार्गात डोळे घालवलेल्या पोरांतला अरविंद शंभर डॉलरच्या नोटेवर कोण आहे ते ओळखतो, ते बघायला.

ए-101: अगं, मला काहीच कल्पना नव्हती. काल मी त्यांच्या शेजारीच बसले होते. संध्याकाळी खाली येतात का त्या? मी येते भेटायला.

सी-704: हो काकू, सहा वाजता बाकावर असते.

ए-203: ताई, तुम्ही ‘चक्र’ पाहिलाय का? जयवंत दळवींची 1963ची कादंबरी, त्यावर 1981मध्ये रवींद्र धर्मराज यांनी हिंदी सिनेमा केला. स्मिता पाटील अम्मा झाली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोकार्नोच्या महोत्सवातही सिनेमा पहिला आला. झोपडीसाठी पत्रा चोरताना तिचा नवरा मारला जातो आणि शेवटी वस्तीवर बुलडोझर येतो. कोटीचं बक्षीस वगैरे काही नाही. मला तो ‘स्लमडॉग’पेक्षा मोठा वाटतो.

बी-502: काका, पुढच्या महिन्यात तोच लावू.

सी-704: काका, कादंबरी आहे तुमच्याकडे? आईला वाचून दाखवीन.

ए-203: आहे की! बांधणी सुटलीये, दोरीने बांधून ठेवलंय. वॉचमनकडे ठेवतो.

सी-704: नको, पानं सांडतील. सहा वाजता आम्ही दोघी खाली असू, तेव्हाच आणा.