लग्नाचं कार्ड उघडेना आणि वर निम्मे फोटो काळे, कुणीतरी मदत करा

उजेडवेडी:
नमस्कार मंडळी, डोकं अजिबात चालत नाहीये म्हणून लिहितेय, विस्कळीत होईल, सांभाळून घ्या. काल एक लग्न शूट केलं. कॅमेऱ्यात दोन एसडी कार्डं, दोन्ही ६४ जीबी, आणि स्लॉट ओव्हरफ्लोवर म्हणजे पहिलं भरलं की दुसऱ्यावर (हो माहितीये, शिव्या नंतर घाला). मुख्य विधी चालू असतानाच स्क्रीनवर कार्ड एरर आला, मी घाबरून कॅमेरा बंद केला, दुसरं कार्ड काढलं, फुंकर मारून परत घातलं तर चालू झालं. पुढे साधारण तीनशे फोटो काढले आणि ते मागे स्क्रीनवर दिसतही होते. घरी येऊन लॅपटॉपला लावलं तर म्हणतोय डिस्क फॉरमॅट करा. परत कॅमेऱ्यात घालून बघितलं तर आता तिथेही एकही फोटो नाही.

दुसरं दुखणं एक्स्पोजरचं. पहिलं कार्ड नीट उघडलं पण बाहेर उन्हात काढलेल्यांत एक बरा, एक काळपट, एक पार उडालेला असं चाललंय. आणि हॉलमधले फ्लॅशवरचे तर दोन छान, मग दोन काळे ठिक्कर, मग परत छान. काढताना मागच्या स्क्रीनवर मला काहीच खटकलं नव्हतं. सेन्सर गेलाय का? की कार्डामुळेच फोटो काळे होतात? आठ दिवसांनी पुढचं लग्न आहे आणि मला रडू येतंय.

बायनरी बंडू:
शीर्षक वाचून आधी वाटलं लग्नपत्रिकाच उघडत नाहीये :) पण थट्टा राहू दे. ताई, सगळ्यात आधी ते कार्ड बाहेर काढा आणि बाजूची छोटी पट्टी लॉककडे सरकवा. कॅमेऱ्यात पुन्हा अजिबात घालू नका, कारण रिकामं वाटणारं कार्ड दिसलं की बरेच कॅमेरे त्यावर स्वतःचे फोल्डर बनवून मोकळे होतात, म्हणजे तुमच्या फोटोंवरच नवीन लिहिलं जातं. लॅपटॉप फॉरमॅट म्हणाला की कॅन्सल. स्कॅन करून दुरुस्त करू का म्हणाला तरी कॅन्सल.

आता दिलासा. कार्डावर फोटो असतात आणि कुठला फोटो कुठे ठेवलाय त्याची एक यादी असते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली म्हणून पानं जात नाहीत, तसंच आहे हे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ वापरतात आणि त्यात या यादीची सहसा दुसरी प्रत असते. ६४ जीबीपासून एक्सफॅट येतं, त्यात बहुतेक वेळा एकच प्रत, ती बिघडली की कॉम्प्युटरला वाटतं कार्ड कोरं आहे. तुमचं तसंच झालेलं दिसतंय.

आधी दुसऱ्या कार्ड रीडरने बघा. गंमत नाही करत, कार्ड मेलं म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत कितीतरी वेळा रीडर नाहीतर केबलच खराब निघते. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये कार्डाचा आकार किती दाखवतंय ते इथे सांगा. ५९ च्या आसपास दाखवत असेल (६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये तेवढंच दिसतं) तर काम होईल. शून्य किंवा काहीतरी भलताच छोटा आकडा असेल तर आतला कंट्रोलर गेला, मग सॉफ्टवेअरच्या नादी न लागता सरळ डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्यायचं.

आणि एक प्रश्न, खरं सांगा. कार्ड काढलं तेव्हा लाल दिवा चालू होता का?

जुना फोकस:
बंडू कार्डाचं बघतोय तोवर मी एक्स्पोजरचं बोलतो. पहिली गोष्ट, कार्डामुळे फोटो काळा होत नाही. कार्ड बिघडलं तर फोटो अर्धा करडा येईल, रंगांचे पट्टे येतील, उघडणारच नाही. नीट उघडणारा पण अंधारा फोटो म्हणजे उजेडच कमी पडला, त्यात कार्डाचा काही दोष नाही. तुमची दोन दुखणी आहेत, खरं तर तीन, आणि बाहेरचं आणि हॉलमधलं वेगवेगळं आहे असं मला वाचताक्षणी वाटलं.

सेन्सरवर जायच्या आधी आपण एक्झिफ वाचू, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फोटोत सेटिंग आणि वेळ लिहून ठेवतो ती माहिती. बाहेरचे सलग तीन फोटो घ्या आणि शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ लिहा. मग हॉलमधला एक चांगला आणि त्याच्या लगेच पुढचा काळा, त्यांचेही लिहा. अंदाजाने नाही, बघून.

उजेडवेडी:
बंडूदादा, दुसऱ्या रीडरने पण तेच, पण आकार ५९.४ दाखवतोय!! आणि हो, लाल दिवा चालू होता. मी त्या क्षणी धडाधड बर्स्ट मारला होता आणि एरर आल्यावर थांबायचं सुचलंच नाही.

फोकसकाका, बाहेरचे तीन: १/१६००, मग १/३२००, मग १/८००, तिन्ही एफ ४ आणि आयएसओ १००. हॉलमधले दोन्ही: १/१६०, एफ ४, आयएसओ ४००, अगदी सेम टू सेम. मॅन्युअलवर होते, फ्लॅश टीटीएलवर (म्हणजे किती उजेड टाकायचा ते कॅमेराच ठरवतो), छताला बाउन्स.

जुना फोकस:
बाहेरचं सुटलं. ब्रॅकेटिंग चालू राहिलंय, म्हणजे कॅमेरा मुद्दामच एक फोटो बरोबर, एक कमी आणि एक जास्त उजेडाचा काढतो. भर उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि साधारण १/१००, हा जुना हिशोब, त्यावरून एफ ४ ला १/१६०० येतं, म्हणजे तुमचा पहिला फोटो बरोबर, दुसरा बरोब्बर एक स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), तिसरा एक स्टॉप जास्त, आणि मग परत पहिल्यापासून. बिघडलेला कॅमेरा इतका शिस्तीत बिघडत नाही हो. बटण दाबून डायल फिरला असणार, बॅगेतून काढताना होतं असं.

मेनूत बघाल तर आता बंदच दिसेल कदाचित. काही कॅमेऱ्यांत फ्लॅश चालू केला किंवा कॅमेरा बंद केला की ब्रॅकेटिंग आपोआप रद्द होतं आणि काहींत दिवसेंदिवस तसंच राहतं, म्हणून पुरावा मेनूत नाही, एक्झिफमध्ये शोधायचा.

हॉलमध्ये सगळे आकडे सारखे आणि तरी फोटो काळा, म्हणजे उरला फ्लॅश. तो एकतर उडालाच नाही किंवा अर्धवट चार्जवर उडाला. छत उंच होतं का? बाउन्समध्ये दोनेक स्टॉप उजेड सहज जातो, वर आयएसओ ४०० आणि एफ ४, म्हणजे फ्लॅश प्रत्येक वेळी जवळजवळ फुल पॉवर ओततोय. फुल पॉवरनंतर पेन्सिल सेलवर परत भरायला तीन सेकंद, सेल दमले की पाच-सहा. तुम्ही सेकंदाला दोन फोटो काढताय. दोन छान, दोन काळे, हेच होणार.

उपाय नवीन फ्लॅश नाही. आयएसओ १६०० करा. दोन स्टॉप, म्हणजे फ्लॅशला एक चतुर्थांश पॉवर पुरते, भरायचा वेळही त्याच मानाने घटतो आणि मागचा हॉलही काळं भोक दिसत नाही. आजकालच्या कॅमेऱ्यांना १६०० म्हणजे किरकोळ, पण आपल्या मनात अजून जुनी भीती बसलीये की आयएसओ वाढवला की दाणे येतात, अहो ४०० ला काढून काळा आलेला फोटो तीन स्टॉप वर ओढा मग बघा दाणे कसे येतात ते. अल्कलाइनच्या ऐवजी रिचार्जेबल निकेलवाले सेल वापरा, त्यांचा व्होल्टेज कागदावर कमी (१.२) असला तरी करंट झटकन देतात. आणि फ्लॅशच्या मागचा रेडीचा दिवा बघायची सवय लावा.

छायाप्रकाश:
काकांशी बव्हंशी सहमत पण दोन गोष्टी राहिल्या. स्क्रीनवर काहीच कसं खटकलं नाही? अंधाऱ्या हॉलमध्ये डोळे अंधाराला सरावतात आणि फुल ब्राइटनेसचा स्क्रीन उजळच दिसतो, एक स्टॉप अंडर असलेला फोटोही मस्त वाटतो. शिवाय रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढताना स्क्रीनवर दिसतो तो आतला जेपेग. कॅननमध्ये ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर, निकॉनमध्ये अ‍ॅक्टिव्ह डी-लायटिंग, हे चालू असेल तर तो जेपेग सावल्या उचलून दाखवतो आणि घरी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ उघडला की सगळं बसलेलं. स्क्रीन ब्राइटनेस मध्यावर ठेवा, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा आणि उडालेल्या भागाची चमकणारी वॉर्निंग चालू ठेवा.

दुसरं म्हणजे टीटीएलचं. कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या जगाला मधला करडा समजतं. पांढऱ्या कपड्यांनी फ्रेम भरली की ते म्हणतं फार उजेड आहे, कमी करा, आणि पांढरं करडं होतं. काळा सूट भरला की उलट, चेहरा उडतो. म्हणजे एकाच जागी उभं राहून नवरीकडून नवऱ्याकडे वळलात की फ्लॅश बदलतो. पांढऱ्याला फ्लॅश कॉम्पेन्सेशन अधिक एक, काळ्याला वजा दोन तृतीयांश असं मी करतो, आणि माणसं रांगेने एकाच अंतरावर येत असतील तर सरळ फ्लॅश मॅन्युअलवर टाकतो, कटकटच नको. हॉलमध्ये एलईडी असतील तर तेही बघा, सायलेंट शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात त्याचं कारण ते दिवे असतात, तुमचा कॅमेरा नाही.

लेन्सची शंका असेल तर एक मिनिटाचं काम आहे. एफ ११ ला डेप्थ ऑफ फील्डचं बटण दाबून समोरून लेन्समध्ये बघा, पात्या झटकन मिटल्या पाहिजेत. अडकत असतील तर फोटो उडालेले येतात, काळे नाही.

बायनरी बंडू:
५९.४ म्हणजे जिंकलोच. ताई, आता थेट कार्डावर रिकव्हरी चालवू नका, आधी अख्ख्या कार्डाची इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब प्रत, लॅपटॉपवर घ्या. आजारी कार्ड एकदाच सलग वाचायचं, मग काय करायचे ते प्रयोग त्या फाइलवर. नंतर फोटोरेक चालवा, फुकट आहे, दिसायला काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं, घाबरू नका. ते यादी बघतच नाही, प्रत्येक फाइलची सुरुवातीची खूण ओळखून फोटो उचलतं. फाइलांची नावं जातील, पण एक्झिफमधली वेळ असते, तिच्यावर सॉर्ट करा की क्रम परत येतो. वाचवलेले फोटो त्याच कार्डावर सेव्ह करायचे नाहीत हे सांगायला नकोच, पण सांगतो, कारण केलंय लोकांनी.

लाल दिव्याचं गणित पण ऐका. एक रॉ २५-३० एमबी, बर्स्टमध्ये वीस फोटो म्हणजे पाच-सहाशे एमबी बफरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत अडकलेले. कार्डावर व्ही ३० लिहिलंय म्हणजे किमान ३० एमबी सेकंदाला याची हमी, त्या वेगाने हे उतरायला वीस सेकंद लागतात. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला १७० वगैरे आकडा सहसा वाचायच्या वेगाचा असतो, लिहायच्या नाही. तुम्ही त्या वीस सेकंदांतच कार्ड ओढलंत. आणि फुंकर मारू नका हो, तोंडातली वाफ जाते कॉन्टॅक्टवर.

तिसरा डोळा:
मी शिव्या घालणाऱ्यांपैकी. दोन स्लॉटचा कॅमेरा घेऊन ओव्हरफ्लोवर लग्न शूट करायचं म्हणजे हेल्मेट घ्यायचं आणि हँडलला लटकवून गाडी चालवायची. बॅकअप मोडवर टाका, प्रत्येक फोटो दोन्हीकडे. फक्त लक्षात घ्या, एक कार्ड संथ असेल तर कॅमेरा त्याच्याच चालीने चालतो, म्हणून दोन्ही सारखी. कार्डं कॅमेऱ्यातच फॉरमॅट करायची, जुना डेटा दोन जागी गेल्याची खात्री झाल्यावर. आणि लग्नवाल्यांना अजून काही बोलू नका, पण चार-पाच दिवसांत काय ते स्पष्ट झालं की स्वतःहून सांगा. लपवलेलं अल्बमच्या वेळी बाहेर येतंच, तेव्हा फार वाईट बाहेर येतं.

उजेडवेडी:
मंडळी!! रात्रभर तो आकडा वाढताना बघत बसले होते. २८७ फाइली आल्या. पहिल्यांदा विधीचा फोटो उघडला तेव्हा खरंच हात थरथरत होते. ११ फोटो अर्धे करडे आहेत, वर चेहरे आणि खाली सपाट राखाडी, आणि ते नेमके मी कार्ड ओढलं त्याच्या आसपासचे.

कार्ड भिंगाखाली धरलं तर मागच्या दोन सोनेरी पट्ट्यांमधली प्लास्टिकची बारीक कड तुटून वाकलीये. म्हणजे पहिला एरर बहुतेक तिच्यामुळे आणि पुढचा गोंधळ माझ्यामुळे. फ्लॅशचं काकांचं पण तंतोतंत, घरी भिंतीवर सलग दहा फोटो काढून बघितले, ४०० ला तिसरा काळा, १६०० ला दहाही सारखे. ते तिसरा डोळा यांचं हेल्मेट लागलं, पण बरोबर आहे.

त्या ११ चं काही होईल का? आणि हे कार्ड आता कात्रीने कापतेच मी.

बायनरी बंडू:
होईल की. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलमध्ये सुरुवातीच्या भागात एक जेपेग प्रिव्ह्यू दडलेला असतो, काहींत तर पूर्ण आकाराचा. रॉचा शेपटाकडचा भाग गेला तरी तो बऱ्याचदा शाबूत राहतो. एक्झिफटूलने प्रिव्ह्यू बाहेर काढा, ११ पैकी निम्मे तरी हाती लागावेत. एडिटिंगला रॉइतका वाव नाही मिळणार, पण अल्बमात चालतील.

आणि कात्री खाली ठेवा! फोटो त्यांच्या हातात पडेपर्यंत ते कार्ड पाकिटात घालून, वर तारीख टाकून कपाटात ठेवायचं. ती इमेज फाइलसुद्धा.

उजेडवेडी:
११ पैकी ८ निघाले! कात्री ठेवली.