बेस गिटारच्या ब्रिजला गंज, सॅडलचे स्क्रू जाम

खर्जातला: घर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. काकाचा चार तारांचा बेस माळ्यावरून काढला. लाकूड ठणठणीत, पण ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती धातूची पट्टी) तांबूस झालाय. सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तारेखाली असतो तो छोटा आधार) बारीक स्क्रूत ॲलन की (षटकोनी चावी) नुसती गरगर फिरते. ड्रिल लावू का?

खारा वारा: ड्रिल ठेव बाजूला! तारा काढ, ब्रिज सुटा कर. खालची अर्थिंगची वायर जपून. सॅडलवर डब्ल्यूडी-४० (गंजलेले स्क्रू सैल करणारा स्प्रे) मारून रात्रभर ठेव. सुईने स्क्रूच्या भोकातला गंज कोर, मग कीचं माप बघ. १.५ मिमीची की १/१६ इंचाच्या स्क्रूत ढिली पडते आणि कडा खाते. बहुतेक तुझं तेच झालंय.

जुना ढोलकीवाला: गिटारवर स्टील वूल घासू नको रे बाबा. त्याचा भुगा पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणारा भाग) चुंबकाला असा चिकटतो की निघता निघत नाही. क्रोमसाठी चुरगळलेली अॅल्युमिनियम फॉइल, थोडं पाणी. बास.

खर्जातला: आणि स्क्रू व्हिनेगरमध्ये टाकले तर?

खारा वारा: सुटे स्क्रू चालतील, पण जस्ताचा मुलामा असेल तर तोही जाईल. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडव, कोरडे कर, शिलाई मशीनचं तेल लाव. क्रोमचे पापुद्रे निघाले असतील तर मात्र नवा ब्रिजच घे. आधी ब्रिज बसवायच्या भोकांमधलं अंतर मोज.